छत्तीस दोऱ्यांचं भात

तळवली, ता. खालापूर
२ ऑक्टोबर १९३६

चि. मोरूस येसूआक्काचे अनेक आशीर्वाद.

तू कर्जतच्या सरकारी भाताच्या फार्मावर लागलास तेव्हा मला वाटलं होतं, माहेरचं एक माणूस तरी भातातलं जाणतं झालं. त्याचा आम्हांला काही उपयोग आहे का, ते आता बघायचं आहे.

आमच्या खालच्या खाचरात एक ठोंब उठला आहे. लावणी नेहमीच्या कोळंबा भाताचीच, आवणाची रोपं एकाच वाफ्यातली, पण हा एकटाच दांडगा झाला. बाकीचं भात माझ्या कमरेला, हा माझ्या डोक्याच्या वर. पान तर उसासारखं रुंद. लोंबी बाहेर पडते आहे ती वीतभराहून मोठी. तुझ्या भावजींनी भोवती कुंपण घातलं, वर काळं मडकं टांगलं आणि सकाळ-संध्याकाळ तिथंच उभे. मी म्हटलं, "घरात या, पेज गार झाली." तर म्हणतात, "येसू, हा भात नाय गं, राजा हाय."

इतकी वर्षं ह्यांच्या चुलतभावानं, धोंडीनं, ह्यांना बांधावर उभं राहून अक्कल शिकवली. आता धोंडीच रोज बघायला येतो आणि काही न बोलता जातो. त्यामुळं हे जमिनीवर नाहीत. बाकीची कामं कोण करतं, ते तू विचारू नकोस.

एकदा येऊन बघून जा. खोपोलीपर्यंत गाडी आहे, पुढं चालायला पाय आहेत.

येसू


भिसेगाव, कर्जत
९ ऑक्टोबर १९३६

सौ. आक्कास मोरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून उडालोच. पण आत्ता येता येणार नाही. फुलोऱ्याचे दिवस आहेत. रोज सकाळी फूल उमलायच्या आत चिमटा घेऊन वाफ्यात बसावं लागतं. एका जातीचा पराग दुसरीवर घालायचा असतो, आणि तो मुहूर्त चुकला की वर्ष गेलं.

ठोंब कापू नका. मंगळ्या गाडीवानाबरोबर एक बाटली पाठवतो आहे. सकाळी ठोंबाच्या कडेची माती अलगद काढायची, मुळांची पांढरी कोवळी टोकं नखाएवढी तोडायची आणि लगेच बाटलीत टाकायची. आतलं पाणी उग्र आहे, पोटात जाऊ देऊ नका. फार्माच्या साहेबांना मी सांगितलं, तेही फार उत्सुक आहेत. फुलोरा संपला की मी त्यांच्याबरोबर पुण्याला जाणार आहे, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली ही टोकं बघता येतील.

भावजींना म्हणावं, त्यांची नजर चांगली.

मोरू


तळवली
१८ नोव्हेंबर १९३६

चि. मोरूस आशीर्वाद.

तुझी बाटली ह्यांनी हुंगली आणि बांधावर ओतली. तिथल्या मुंग्या मेल्या. मग गावभर झालं, की मोरूनं ठोंब मारायला इख धाडलं, सरकारला असलं भात रयतेकडं नको आहे. मी चार मुळं केळीच्या पानात गुंडाळून मंगळ्याकडं दिली होती. ती वाळून गेली, असं तू त्याच्याबरोबर निरोप धाडलास. मग ओली कशी ठेवायची होती, पदरात?

आता पुढचं ऐक. भात तयार झालं, कोळंबा वाकला, पण हा राजा ताठ उभा. मी एक लोंबी नखानं दाबून बघितली. फोल. दुसरी फोल. सगळ्या ठोंबात दहा-बारा दाणे भरलेले असतील, बाकी नुसतं टरफल. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "किड्यानं दूध शोषलं. एकटा ठोंब, सगळा किडा त्याच्यावरच बसला. पुढल्या साली खाचरभर लावला की किडा वाटला जाईल."

आता ठोंब जिता ठेवायचा, फुटवे वेगळे करून विहिरीजवळ लावायचे, पावसाळ्यापर्यंत जगवायचे. विहिरीवरून कळशी कोण वाहणार, ते मी सांगत नाही.

पुण्याला जाशील तेव्हा वाटेत इथं ये. आणि आलास की सरळ सांग. दाणा येईल का नाही?

येसू


पुणे
२५ जानेवारी १९३७

ती. भावजींस आणि सौ. आक्कास मोरूचा नमस्कार.

डिसेंबरात तुमच्याकडून नेलेली मुळं साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आनंदाची बातमी आहे. तुमचा ठोंब खरोखरच अपूर्व आहे.

प्रत्येक जिवंत वस्तू अगदी बारीक घरांची बनलेली असते. ती घरं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एका घरातून दोन घरं होताना त्यात बारीक दोरे दिसतात. साहेब क्रोमोसोम म्हणतात, मी दोरेच म्हणतो. झाडानं कसं वाढावं हे सगळं त्या दोऱ्यांत असतं. भाताच्या प्रत्येक घरात असे चोवीस दोरे, बारा आईकडचे आणि बारा बापाकडचे. तुमच्या ठोंबात ते छत्तीस आहेत! म्हणजे बाराची एक पुरी जुडी जास्त, दीडपट. त्यामुळं प्रत्येक घर मोठं, म्हणून पान रुंद, काडी जाड, फूल मोठं. असलं झाड आमच्या फार्मावर आजवर एकही सापडलेलं नाही. साहेबांनी भावजींचं नाव त्यांच्या टिपणात घातलं आहे.

मात्र एक गोष्ट आहे. बी धरताना प्रत्येक दोरा आपला जोडीदार शोधतो, आणि मग दोघं दोन बाजूंना जातात. फुगडीला दोघी लागतात, तशातलं. तुमच्या ठोंबात प्रत्येक जागी तिघं आहेत. दोघांची जोडी जमते, तिसरा कुठंही जातो. कुठल्या परागात तेरा दोरे जातात, कुठल्यात पंधरा, कुठल्यात सतरा. असा पराग बहुतेक मरतो. त्यामुळं दाणा भरण्याची आशा फारशी धरू नये.

तरी अभ्यासासाठी ठोंब जरूर जगवावा.

मोरू


तळवली
१० फेब्रुवारी १९३७

मोरू,

आशीर्वाद वगैरे नंतर.

तुझ्या पत्राचं पहिलं पान गावभर फिरलं. ह्यांनी ते चावडीवर वाचलं, देवळात वाचलं, चौक गावच्या बाजारातही नेलं. "दीडपट!" दुसरं काही बोलत नाहीत. "बाकीच्यांच्या भातात चोवीस, माज्या भातात छत्तीस. सायबानं नाव लिवून घेतलं." दीडपट दोरे म्हणजे दीडपट भात, असा हिशेब धरून बसले आहेत. दुसरं पान मी वाचून दाखवलं, तर म्हणतात, "आशा फारशी धरू नये, म्हंजे थोडी धरावी." लिहिणारा तू, मी काय बोलू?

आणि डिसेंबरात तू आलास, जेवलास, मुळं घेतलीस, अर्धे दाणे खिशात घातलेस आणि गेलास. सांगायचं तेवढं राहिलं. ठोंब जगवा म्हणून लिहायला तुझं काय जातं? इथं विहिरीचं पाणी खाली जात चाललं आहे आणि माझे खांदे भरून आले आहेत. खालच्या खाचरावर आमचं सहा महिन्यांचं जेवण असतं, ते विसरलास का?

येसू


पुणे
१ मार्च १९३७

सौ. आक्कास नमस्कार.

तू मला एकट्याला धारेवर धरू नकोस. डिसेंबरात बांधावर मी भावजींना सांगितलं होतं, "दाणा भरायचा नाही." ते म्हणाले, "जमीन सुधारली की भरंल." मी म्हटलं, जमिनीचा संबंध नाही. तेवढ्यात त्यांनी मला ठोंबाला हात लावून बघायला सांगितलं आणि इतके हसले, की पुढं मला बोलवेना. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तू तरी पाहिलं होतंस का?

आता हे मोठ्या अक्षरांत लिहितो, त्यांच्यासमोर धर. ह्या भाताला दाणा येणार नाही. किडा मारला तरी नाही, शेण घातलं तरी नाही, खाचरभर लावलं तरी नाही. फुटवा वेगळा काढला तरी त्यात तेच छत्तीस दोरे जातात. खालच्या खाचरात कोळंबा लावा. ठोंबाचे दोन फुटवे परसात ठेवले तरी आम्हांला पुरे.

मोरू


तळवली
४ एप्रिल १९३७

रा. रा. मोरेश्वर सायब यास मालोजीचा रामराम.

तुजं मोट्या अक्शराचं पत्र पावलं. आमी काय आंधळे नाय. तू ल्हान असताना तुला खांद्यावर बसवून जत्रंला आमी नेला, आता तू आमाला भात शिकवतोस. शिकव. पन येवडं सांग, जे झाड उंचीनं वाडतं, पानानं वाडतं, फुलतं, त्याला दाना का येनार नाय? आमी उब्या जल्मात असं झाड बगितलं नाय आनि तुज्या सायबानं बी नाय बगितलं. मंग पुडं काय व्हनार ह्ये त्याला कसं ठावं?

ठोंबाचे फुटवे आता वाफाभर झालेत. तुजी आक्का रोज कुरकुर करते पन पानी घालते. खालच्या खाचरात ह्येच भात लागनार. तुला बगायला यायचं तर ये. बाटली आनू नको.

मालोजी


तळवली
१२ ऑगस्ट १९३७

चि. मोरूस आशीर्वाद.

सहा महिने लिहिलं नाही, कारण लिहून काही होत नाही. हे ऐकत नाहीत, तू येत नाहीस. मी मात्र वरच्या तुकड्यात ह्यांना न विचारता कोळंबा लावून घेतला. विचारलं असतं तर तिथंही राजाच बसला असता.

तुला देऊन राहिलेले दाणे ह्यांनी जूनमध्ये एका फुटक्या मडक्यात पेरले होते. त्यांतलं एक गवतासारखं बारीक उठलं. एक वीतभर वाढून थांबलं, पानं मुरडलेली. एक पांढुरकं होऊन मेलं. एक उभंच राहत नाही, जमिनीवर लोळतं. एका आईची पोरं, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, आणि आईसारखं तर एकही नाही. ह्यांनी मडकं एकदा बघितलं. मग ते उचलून गोठ्यामागं ठेवलं.

खालचं खाचर मात्र बघण्यासारखं झालं आहे, हे मी नाकारत नाही. काल त्यात मी निंदायला शिरले तर बाहेरून दिसेनाशी झाले. लोक लांबून बघायला येतात. आणि आता धोंडीनं पुढच्या वर्षासाठी फुटवे मागितले आहेत. ह्यांनी कबूल केले. म्हणजे आमचं झालं, आता त्याच्या घरच्यांचंही जेवण जाणार. हे आवरायचं कसं ते सांग.

येसू


भिसेगाव, कर्जत
२१ ऑगस्ट १९३७

सौ. आक्कास नमस्कार.

मडक्यातल्या रोपांचं वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. मी नेलेले दाणे पेरले, त्यांची रोपंही तशीच निघाली. त्यांची मुळं तपासली. एकात पंचवीस दोरे, एकात सव्वीस, एकात अठ्ठावीस. तू विचारशील, छत्तीस दोऱ्यांचं झाड एवढं देखणं आणि पंचवीसवालं एवढं खुरटं का? तू आमटी करतेस तेव्हा डाळ, पाणी, मीठ, तिखट सगळंच दीडपट घातलंस तर आमटी बिघडत नाही, भांडं मोठं लागतं एवढंच. पण बाकी सगळं तेवढंच ठेवून एकट्या मिठाची मूठ जास्त पडली तर? तसं आहे. पुरी जुडी वाढली तर झाड मोठं होतं, फक्त त्याचं बी धरत नाही. एक-दोन दोरे सुटे वाढले तर झाडाचा तोलच जातो. कोणता दोरा वाढला त्याप्रमाणं खोड निराळी.

धोंडीची काळजी करू नकोस. त्याला मी परस्पर पत्र टाकलं आहे.

मोरू


तळवली
१९ ऑक्टोबर १९३७

मोरू,

तुला धोंडीला लिहायला कुणी सांगितलं होतं?

मी आवरायचं कसं विचारलं होतं, दवंडी पिटायला सांगितलं नव्हतं. धोंडीनं तुझं पत्र चावडीवर वाचलं. ह्या वेळी दोन्ही पानं वाचली, अगदी सावकाश. "मालोजीचा भात वांझ हाय, सरकारचं लिवून आलंय." लोंब्या निसवायच्या आधीच गाव हसून मोकळं झालं. हे तिथंच बसले होते. उठले, घरी आले, आणि त्या दिवसापासून माझ्याशीही धड बोलत नाहीत.

आता लोंब्या आल्या आहेत. वरच्या तुकड्यात पोपटांनी उच्छाद मांडला आहे, धोंडीच्या शेतात तर थवेच्या थवे. आमच्या खालच्या खाचरात एक पोपट येत नाही, एक चिमणी येत नाही. पाखरांना कुणी पत्र लिहिलं नव्हतं. आणि तुझे भावजी सकाळपासून गोफण घेऊन त्याच खाचराच्या बांधावर उभे राहतात. हाकलायला काही नाही तरी उभे राहतात. मी भाकरी घेऊन जाते, ते घेत नाहीत. म्हटलं, "वरच्या तुकड्यात तरी या, तिथं पाखरं खातायत." तर म्हणाले, "तू जा."

मी वर्षभर कुरकुर केली, भांडले, पाणी वाहिलं. पण हे असं गप्प झालेलं माणूस मला सांभाळता येत नाही. तुमचे दोरे बिरे तुमच्याकडं ठेवा. माझं माणूस मला परत कसं मिळेल ते सांग.

येसू


भिसेगाव, कर्जत
३ नोव्हेंबर १९३७

सौ. आक्कास नमस्कार.

भावजी परवा इथं आले होते. तुला न सांगता निघाले असतील, काळजीत असशील, म्हणून लगेच लिहितो.

खांद्यावर खालच्या खाचरातल्या भाताचा भारा होता, मुळांसकट. गाडीत गार्डाशी भांडण झालं म्हणाले. मला वाटलं, आता माझ्याशी होणार. पण त्यांनी भारा दारात टाकला आणि म्हणाले, "दाखव."

ह्या पावसाळ्यात फार्मावर सूक्ष्मदर्शक आला आहे. साहेब मुंबईला गेले होते. आधी साध्या कोळंब्याचं मूळ दाखवलं, मग त्यांच्या भाताचं, पूर्वी तयार करून ठेवलेलं. आधी ते चुकीचा डोळा मिटत होते. मग उजेड नीट धरत नाही म्हणून मला झापलं. दोरे मोजताना विसरायला लागले तेव्हा खिशातून चिंचोके काढले आणि एकेक दोरा दिसला की एकेक चिंचोका टेबलावर मांडत गेले. चोवीस मांडून झाले, पुढं मांडतच राहिले. छत्तीस झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग नळीवरून डोळा काढला.

"म्हंजे किडा नवता."

"नव्हता."

"पानी कमी पडलं, त्ये बी नाय?"

"नाही."

"मंग माजं काय चुकलं?"

"काहीच नाही, भावजी. हे त्या एका दाण्यात, आईबापाच्या फुलातच झालं होतं. तुम्ही लावायच्या आधी."

भावजी असे ओरडले, की बाहेरचा शिपाई आत आला. "मंग त्ये बोलायचं व्हतं! वरीसभर तू दाना येनार नाय, दाना येनार नाय, येवडंच लिवत बसलास. मोट्या अक्शरात लिवलंस. धोंड्याला लिवलंस. माजं काय चुकलं नाय, ह्ये कोन लिवनार व्हता रं?"

आक्का, मी इतकं सगळं समजावलं, जोड्या, जुड्या, पराग. हे एक वाक्य माझ्या ध्यानातच आलं नाही.

जेवले, रात्री राहिले. सकाळच्या गाडीनं खोपोलीला गेले. चिंचोके परत खिशात घालून नेले.

मोरू


तळवली
५ डिसेंबर १९३७

चि. मोरूस अनेक आशीर्वाद.

हे घरी आले ते विळा मागतच. दोन दिवसांत खालचं खाचर एकट्यानं कापलं, मला हात लावू दिला नाही. झोडायला काही नव्हतंच. पेंढा मात्र असा लांब आणि जाड, की ठाकूरवाडीतली माणसं छपरांसाठी मागायला आली. ह्यांनी सगळा दिला. वरच्या तुकड्यातलं कोळंब्याचं भात घरात आलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "बरं झालं तू मला विचारलं नाय." ह्याहून जास्त मी अपेक्षाही करत नव्हते. भात पुरणार नाही, उन्हाळ्यात नाचणी खाऊ. तू येशील तेव्हा तूही खा.

धोंडी एका संध्याकाळी आला. ह्यांना डिवचायला आला होता, मला आवाजावरूनच कळलं. "काय मालोजी, राजाचा दरबार उठला का?" मी आतून लाटणं घेऊन निघालेच होते. पण हे शांतपणे म्हणाले, "बस." आणि ओटीवर चिंचोके मांडायला लागले. आईकडले बारा, बापाकडले बारा, आणि ही एक जुडी उगाच आलेली. तिघांत जोडी कशी लागत नाही, तिसरा कुठं जातो, एकच वाढला तर झाड कसं लोळतं, सगळं सांगितलं. गोठ्यामागचं मडकंही आणून दाखवलं. धोंडी ऐकत बसला. दिवा लागला तरी बसलेला. जाताना म्हणाला, "म्हंजे तुजं काय चुकलं नवतं." हे म्हणाले, "नवतंच."

दुसऱ्या दिवशी धोंडीच्या बायकोनं, मैनानं, सुपभर कोळंब्याचं बियाणं आणून दारात ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांनी धाडलंय, मला काय ठावं नाय," आणि गेली.

हे पूर्वीसारखे जेवतात, पूर्वीसारखे माझ्यावर ओरडतात. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. पण आता नवीनच सुरू झालं आहे. गावात काहीही वेडंवाकडं दिसलं की लोक ह्यांच्याकडं येतात, आणि हे खिशात हात घालतात. एकाच्या कोंबडीला पायाचं बोट जास्त, दोरे. शेजारच्या पोशाच्या रेडकाचं एक शिंग खाली वळलेलं, दोरे. मी म्हटलं, तुम्ही एकदा नळीतून बघितलंत आणि त्याच्यावर किती बोलणार? तर म्हणतात, "धोंड्यानं तेवडं बी बगितलं नाय."

आज सकाळपासून ठाकूरवाडीतली भागी ओटीवर बसून आहे. तिच्या वेलीला भोपळा लागला आहे, दोन भोपळे एकमेकांना चिकटलेले. तो तिनं मांडीवर धरला आहे. हे त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत आहेत आणि मला आतून ओरडून विचारत आहेत, की भोपळ्यात दोरे किती, मोरूनं लिवलंय का? मी तिसऱ्यांदा सांगितलं, लिहिलेलं नाही. तरी उठत नाहीत. भागीही उठत नाही.

म्हणून अंगाचा तिळपापड होत असताना हे पत्र लिहिते आहे. भोपळ्यात किती दोरे असतात, आणि असला जुळा भोपळा त्यांच्यामुळं होतो की नाही, ते उलट टपाली कळव. नाहीतर हे आपल्या मनानंच काहीतरी सांगून मोकळे होतील, आणि भागी ते खरं धरून वाडीभर सांगत सुटेल.

येसू